मार्स हिल: पाळक गेला आणि पंधरा शाखांचं चर्च अडीच महिन्यांत मिटलं

डोंगरमाथा:

परदेशातल्या रविवारांवर गप्पा चालल्या होत्या तेव्हा मी सिएटलच्या मार्स हिल या इव्हँजेलिकल चर्चचा ओझरता उल्लेख केला. तिघाचौघांनी "सविस्तर लिही" म्हणून पिच्छा पुरवला, म्हणून हा वेगळा धागा.

मी नगरचा, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेला. रविवारची उपासना म्हणजे भिंतीवरच्या लाकडी फळीत अडकवलेले गीतांचे क्रमांक, पायपेटी आणि पुढच्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या. उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे. हात हातात घेणार आणि "आईचा गुडघा कसा आहे" विचारणार. दांडी मारली तर मंगळवारी सायकल घराशी हजर.

२०१३ मध्ये मी सिएटलजवळ रेडमंडला होतो. ऑफिसमधली एक सहकारी मला मार्स हिलच्या एका शाखेत घेऊन गेली. आत सिनेमागृहासारखा अंधार, स्टेजवर ड्रम आणि गिटार, दाराशी कॉफी. गाणी जोरदार झाली. शाखेचे पाळक येऊन दोन शब्द बोलले, सूचना दिल्या. आता उपदेश म्हणून मी सरसावून बसलो, तर पडदा उजळला आणि त्यावर चर्चचा मुख्य पाळक मार्क ड्रिस्कॉल. तासभर! माणूस बोलायला भन्नाट होता, ते कबूल करायलाच हवं. विनोद, ओरडणं, मध्येच एकदम हळू आवाज. लोक पडद्याकडे बघून हसत होते, पडद्याकडे बघून मान डोलवत होते, त्यानं सांगितलेलं वचन काढायला बायबलची पानं उलटत होते. मला राहून राहून वाटत होतं, की याला आपण दिसत नाही आहोत.

आता थोडा इतिहास. १९९६ मध्ये ड्रिस्कॉल पंचविशीत होता, तेव्हा दोन साथीदारांबरोबर त्यानं हे चर्च सुरू केलं. सुरुवात घरातल्या बायबल अभ्यासातून. पुढे बॅलर्ड भागात हार्डवेअरच्या जुन्या दुकानाची इमारत घेतली, शाखा निघत गेल्या, आणि भरभराटीच्या काळात पाच राज्यांत पंधरा ठिकाणी मिळून आठवड्याला बारा हजारांहून जास्त माणसं येत होती. सिएटल हे अमेरिकेतल्या सर्वांत कमी चर्चला जाणाऱ्या शहरांपैकी एक, त्यामुळे याचं भलतंच कौतुक होतं. नाव बायबलमधलंच. प्रेषितांची कृत्ये, १७वा अध्याय, पौल अथेन्सच्या अरीयपगावर उभा राहून बोलतो, ती टेकडी म्हणजे मार्स हिल.

मग २०१४. ८ ऑगस्टला 'अॅक्ट्स २९' या चर्चेसच्या संघटनेनं ड्रिस्कॉल आणि मार्स हिल दोघांना बाहेर काढलं. गंमत म्हणजे ही संघटना उभी करण्यात ड्रिस्कॉलच पुढे होता. (प्रेषितांच्या कृत्यांत अध्याय २८. एकोणतिसावा आपण लिहायचा, म्हणून ते नाव.) त्याच महिन्यात एकवीस माजी पाळकांनी लेखी आरोप दाखल केले: दमदाटी, शिवराळ बोलणं, सूडबुद्धी. २४ ऑगस्टला तो रजेवर गेला, १४ ऑक्टोबरला राजीनामा दिला. ३१ ऑक्टोबरला जाहीर झालं की १ जानेवारी २०१५ पासून मार्स हिल ही संस्था नसेल. शाखांनी स्वतंत्र व्हावं, दुसऱ्या चर्चमध्ये मिसळावं किंवा बंद व्हावं.

नगरच्या माणसाच्या डोक्यात हे शिरत नाही. आमच्याकडे पाळक येतो, जातो, कधी भांडून जातो. मंडळी तिथेच असते. बारा हजारांचं चर्च एक माणूस गेल्यावर मिटतं कसं? तुम्हाला काय वाटतं?

अडाणी_आण्णा:

वाचतोय. एक बाळबोध शंका. हे कॅथलिक नव्हेत एवढं कळलं. इव्हँजेलिकल म्हणजे नेमकं काय? आणि पाळक म्हणजे फादरच ना?

वसईचा_वारा:

आण्णा, मी कॅथलिक, तेव्हा बाहेरून सांगतो, चुकलो तर पाळकांकडची मंडळी दुरुस्त करतील. आमच्याकडे फादर हे बिशपांचे. बिशपांनी बदली केली की बॅग भरायची. पॅरिश धर्मप्रांताची, जमीन धर्मप्रांताची. फादर कितीही लाडके असोत, निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि थोडं रडू. पुढच्या रविवारी नवे फादर, मिस्सा तीच.

इव्हँजेलिकल लोकांचा भर 'नवा जन्म', बायबलचा शब्द आणि दुसऱ्याला सुवार्ता सांगणं यावर. ते एक चर्च नाही, एक वळण आहे. बिशप असलेल्या चर्चमध्येही ते सापडतात. मार्स हिलसारखी स्वतंत्र चर्चेस मात्र कुणाच्याच हाताखाली नसतात. संस्थापकाच्या वर कोण, तर थेट देव. आणि देव बदलीची ऑर्डर काढत नाही.

कोकणकडा:

यात नवीन काय? आपल्याकडचे बुवा-बाबा बघा. बुवा तुरुंगात गेला की आश्रमाला कुलूप. धर्म कुठलाही घ्या, नाटक तेच, पात्रं वेगळी.

डोंगरमाथा:

@कोकणकडा, तसं नाही. ड्रिस्कॉलवर कुठला फौजदारी गुन्हा नव्हता, बाईचं प्रकरण नव्हतं. चर्चनंच नेमलेल्या मंडळानं चौकशी केली. निष्कर्ष असा, की तो गर्विष्ठ, तापट, बोलायला कठोर आणि हुकूमशाही गाजवणारा वागला, पण पाळकपदाला अपात्र ठरावा असं काही नाही. मंडळ त्याला परत घ्यायला तयार होतं. तो स्वतःच गेला. म्हणून तर प्रश्न पडतो.

हिशेबनीस:

मी पेशानं सीए, आणि ट्रस्टची ऑडिटं करत आयुष्य गेलं. त्यामुळे माझी नजर पैशाच्या बाजूला जाते.

ड्रिस्कॉलचं लग्नावरचं पुस्तक जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिलं आलं. मार्च २०१४ मध्ये उघड झालं, की चर्चनं एका कंपनीशी करार केला होता. पुस्तक यादीत चढवून देण्याची फी २५ हजार डॉलर. त्याशिवाय ११ हजार प्रती विकत घ्यायच्या, त्यातल्या सहा हजार सुट्या सुट्या ग्राहकांच्या नावावर आणि पाच हजार घाऊक. एकूण खर्च दोन लाख डॉलरच्या वर. सुट्या का, हे कळलं ना? एकाच गिऱ्हाइकानं गठ्ठा उचलला तर यादीवाल्यांच्या डोळ्यांवर येतं. तक्रारी सुरू झाल्यावर ड्रिस्कॉलनं माफीचं पत्र लिहिलं आणि 'पहिल्या क्रमांकाचा लेखक' ही बिरुदावली काढून टाकली. पण पैसे दानपेटीतलेच ना!

दुसरं प्रकरण तर आपल्या दाराशी येतं. 'मार्स हिल ग्लोबल' नावाखाली देणग्या गोळा व्हायच्या. जाहिरातीच्या व्हिडिओंत इथिओपिया आणि भारतातली दृश्यं, तिथले प्रचारक. देणाऱ्याची साहजिक समजूत, पैसा तिकडे चालला. २०१४ मध्ये चर्चलाच मान्य करावं लागलं, की मोठा वाटा अमेरिकेतल्याच कामाला लागला आणि मांडणी गोंधळात टाकणारी होती. आमच्या भाषेत याला निधीचा हेतू बदलणं म्हणतात. माझ्या अशिलानं असं केलं असतं तर मी ऑडिट रिपोर्टमध्ये शेरा मारला असता.

आणि तिथे शेरा मारायला बाहेरचं कुणी नव्हतं. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी सरकारकडे हिशेबाचा तक्ता भरावा लागतो, तो कुणालाही बघता येतो. चर्चला त्यातून सूट. महाराष्ट्रात पब्लिक ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, जमीन विकायची तर कलम ३६ खाली परवानगी. आम्ही या कटकटीला शिव्या घालतो. पण कागद मागणारा कुणीतरी असतो, हे खरं.

साक्षीदार_७७:

तुम्ही सगळे एकाच बाजूनं लिहिताय. मी पोर्टलंडला राहतो, तिथल्या शाखेत तीन वर्षं जात होतो. मी मूळचा हिंदू, कोल्हापूरचा. घटस्फोटानंतर दारूत बुडालो होतो. त्या काळात मला जी माणसं भेटली ती याच चर्चची. दर बुधवारी एका घरी आठ-दहा जण जमायचो. जेवण, बायबल, आणि मग एकमेकांची खरडपट्टी. "या आठवड्यात किती प्यायलास?" असं तोंडावर विचारणारी माणसं मला तोवर भेटली नव्हती.

पास्टर मार्क तरुण मुलांना ओरडायचे, की नोकरी धरा, लग्न करा, बापासारखं वागा. बाहेरच्यांना तो आरडाओरडा वाटतो. मला कुणीतरी ओरडायलाच हवं होतं. तेव्हा "पडदा" म्हणून हसू नका. त्या पडद्यानं माझ्यासारख्या कितीकांना उभं केलंय.

डोंगरमाथा:

@साक्षीदार_७७, हसलो नाही, तसं वाटलं असेल तर माफी. तुमचाच अनुभव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण बघा, तुम्हाला सावरलं कुणी? "किती प्यायलास" विचारलं ते बुधवारच्या घरातल्या माणसांनी. पडद्यावरच्याला ते विचारताच आलं नसतं.

साक्षीदार_७७:

बुधवारची माणसं पडद्यामुळेच एकत्र आली होती. एवढंच म्हणतो.

मनीमाऊ_पुणे:

साक्षीदार, तुमच्याबद्दल आदर आहे, पण त्या ओरडण्याची दुसरी बाजू बायकांना विचारा. २००० सालच्या सुमाराला चर्चच्या स्वतःच्याच चर्चा-फलकावर ड्रिस्कॉल 'विल्यम वॉलेस द्वितीय' या टोपणनावानं लिहायचा. पुरुष कसे बायकी झालेत यावर अत्यंत गलिच्छ भाषेत पानंच्या पानं. २०१४ च्या उन्हाळ्यात ते सगळं पुन्हा वर आलं आणि त्याला माफी मागावी लागली. त्या लेखनाची कबुली त्यानं आधीच एका पुस्तकात देऊन टाकली होती, पण मूळ मजकूर लोकांनी वाचला तेव्हा हादरा बसला.

पाळक स्वतःच्याच मंडळीत डुप्लिकेट आयडी काढून दंगा घालतो! आपल्याकडे असता तर एव्हाना उडाला असता.

अडाणी_आण्णा:

हाहा, डुआयडी तिथेही!

घाटमाथ्यावर:

हे सगळं ठीक, पण आपल्याकडची धर्मांतरं...

[अवांतर प्रतिसाद आणि त्याला आलेली सहा उत्तरं उडवली आहेत. विषय मार्स हिलचा आहे. - संपादक]

वसईचा_वारा:

डोंगरमाथा, २००७ मध्ये काय झालं ते लिहिलं नाहीस. माझ्या मते मूळ तिथे आहे.

डोंगरमाथा:

हो, राहिलं. तोवर मार्स हिलमध्ये पाळकांचं मंडळ होतं. इव्हँजेलिकल लोक त्यांना 'वडील' म्हणतात, नव्या करारातलाच शब्द. हे पंचवीसच्या आसपास वडील आणि प्रत्येकाला मत. २००७ मध्ये घटनाच बदलली आणि खरी सत्ता चार-पाच जणांच्या कार्यकारी गटाकडे नेली. दोन वडिलांनी त्याला हरकत घेतली, तर दोघांनाही नोकरीवरून काढलं. त्यातल्या एकाशी संबंध ठेवू नका, असं सभासदांना सांगण्यात आलं. म्हणजे चक्क वाळीत टाकलं. त्याच सुमारास ड्रिस्कॉल इतर पाळकांसमोर बोलला, ते ध्वनिमुद्रण पुढे बाहेर आलं. मार्स हिलच्या बसमागे प्रेतांचा ढीग पडलाय, देवाच्या कृपेनं आमचं काम होईपर्यंत त्याचा डोंगर होईल. बसमध्ये चढा नाहीतर बसखाली या. आशय असा.

हसत हसत बोलला होता. ऐकणाऱ्यांतही हसू होतं.

म्हणून मला वाटतं, चर्च २०१४ मध्ये बंद पडलं हे खरं नाही. "नाही" म्हणणारी माणसं २००७ मध्ये काढली, बाकीची हळूहळू आपणहून गेली. मग संकट आलं तेव्हा सुकाणू धरायला घरचं कोण उरलं होतं?

हिशेबनीस:

देखरेखीला पुढे बाहेरच्या नामवंतांना घेतलं होतं ना? त्यांचं काय?

डोंगरमाथा:

घेतलं होतं. त्यातले पॉल ट्रिप २०१४ च्या उन्हाळ्यात बाहेर पडले. त्यांनी दिलेलं कारण फार नेमकं आहे: लांबून देखरेख करणारं मंडळ नीट चालूच शकत नाही, कारण चर्चमध्ये रोज काय चाललंय ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. दुसरे जेम्स मॅकडॉनल्ड. त्यांना पुढे २०१९ मध्ये शिकागोजवळच्या त्यांच्याच चर्चनं काढलं. एका संस्थानिकानं दुसऱ्यावर देखरेख करायची, असा तो प्रकार!

पाळकाची_लेक:

उशिरा येतेय. सगळ्यांना सलाम.

माझे वडील सीएनआयचे पाळक. सीएनआय म्हणजे १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन झालेलं चर्च. माझ्या लहानपणी चार गावं झाली. दर बदलीला आई पितळी भांड्यांची पेटी भरताना रडायची आणि बाबा म्हणायचे, "मंडळी माझी नाही, मी मंडळीचा." तेव्हा राग यायचा. आता वाटतं बदली ही शहाण्यांची युक्ती होती. पाळकाला मुळं फुटायच्या आत उपटायचं.

पण बदलीची पद्धत म्हणजे सगळं सुरळीत, असं समजू नका. बिशपांच्या निवडणुका, मिशनच्या जमिनी, कोर्टकज्जे, आमच्याकडे काय कमी आहे? आम्ही एका माणसापायी बुडत नाही, बरेच जण मिळून बुडवतो. :)

या धाग्यावर मला रेव्हरंड टिळक आठवले. आपले ना. वा. टिळक, 'वनवासी फूल'वाले. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. पगार नको, मिशनच्या साहेबाचा शिक्का नको, भारतीय पद्धतीची ख्रिस्तभक्ती, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळ्यांना जागा. कल्पना केवढी मोठी! पण १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार काही फार टिकला नाही. यात टिळकांचा काही दोष होता, असं मी म्हणणार नाही. ड्रिस्कॉलच्या पंक्तीला तर त्यांना बसवूच नका. पण दरबार त्यांच्या आवाजावर उभा होता, हे खरंच.

आणि दुसरीकडे केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायकामुलींसाठीचं. पंडिता रमाबाईंनी आपल्यामागे मुलगी मनोरमेनं बघावं म्हणून तिला तयार केलं. ती १९२१ मध्ये गेली. रमाबाई पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये. वारसही नाही आणि संस्थापकही नाही. मुक्ती तरी आजही चालू आहे, दौंडकडे जाताना केडगाव स्टेशनात उतरून बघून या. का टिकलं? माझं मत, तिथे रमाबाईंचं भाषण ऐकायला कुणी जात नव्हतं. तिथे रोज विहिरीचं पाणी काढायचं होतं, दळायचं होतं, छापखाना होता, आंधळ्या मुली होत्या, पोरांना न्हाऊ घालायचं होतं. पुढारी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी करायला काम होतं. मार्स हिलच्या शाखेत १५ ऑक्टोबरच्या सकाळी काय काम होतं?

वसईचा_वारा:

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. +१

साक्षीदार_७७:

ताई, छान लिहिलंत, पण उत्तर देतो. १५ ऑक्टोबर २०१४ बुधवार होता. आम्ही जमलो. कुणी काही बोललं नाही, जेवलो. मग एकजण म्हणाला, पुढच्या बुधवारी कुणाकडे? आमच्या गटातली पाच कुटुंबं आजही भेटतात, आता तीन वेगवेगळ्या चर्चची आहेत.

पाळकाची_लेक:

मग शब्द मागे घेते. काम होतं म्हणायचं.

कोकणकडा:

शाखांचं पुढे काय झालं? आणि इमारती? एवढी मालमत्ता कुणाच्या घशात गेली?

डोंगरमाथा:

बऱ्याचशा शाखा नवं नाव घेऊन स्वतंत्र चर्च झाल्या. बॅलर्डची 'क्रॉस अँड क्राउन', बेलव्ह्यूची 'डॉक्सा', न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कची 'नॉर्थ चर्च'. काही दुसऱ्यांत मिसळल्या, काही मिटल्या. गर्दी तर आधीच ओसरली होती. बारा हजारांवरून साडेसात हजारांच्या आसपास. माणसं कमी म्हणजे दान कमी, म्हणून सप्टेंबरपासूनच नोकरकपात आणि शाखा एकत्र करणं सुरू होतं.

मालमत्तेचं ३१ ऑक्टोबरलाच जाहीर केलं होतं. इमारती विकायच्या, किंवा बँक तयार असेल तर कर्जासकट त्या त्या नव्या चर्चनं घ्यायच्या. मध्यवर्ती कचेरीच्या नोकरांना पगार देऊन मोकळं करायचं. काही उरलंच तर नव्या चर्चना बी-भांडवल. मग संस्था विसर्जित. "घशात" म्हणण्यासारखं फार नव्हतंच, बरंचसं कर्ज होतं.

शेवटच्या रविवारी, २८ डिसेंबरला, मी मुद्दाम गेलो. शेवटचा उपदेश कॅलिफोर्नियाचे पाळक रिक वॉरन यांचा. तोही व्हिडिओवर! वॉरन चांगलं बोलले, कृतज्ञ राहा वगैरे. पण चर्च मिटतानाही आपला माणूस समोर उभा नाही, याचं मला फार विचित्र वाटलं. माझ्या सहकारी बाईंना त्यात काही खटकलं नाही. त्या रडत होत्या, नंतर खुर्च्या रचायला लागल्या. मीही चार रचल्या.

ड्रिस्कॉल २०१६ मध्ये अॅरिझोनात स्कॉट्सडेलला गेला आणि नवं चर्च काढलं. जोरात चालतं.

मनीमाऊ_पुणे:

नेहमीप्रमाणे पुढारी सहीसलामत.

हिशेबनीस:

तुलनेसाठी अजून दोन. कॅलिफोर्नियातलं क्रिस्टल कॅथीड्रल, रॉबर्ट शुलर यांचं, टीव्हीवरच्या उपदेशांमुळे जगभर पोचलेलं. ते स्वतः बाजूला झाले, मुलगा-मुलगी आली, घरात भांडणं, आणि २०१० मध्ये दिवाळखोरी. काचेची ती प्रचंड इमारत कॅथलिक धर्मप्रांतानं पावणेसहा कोटी डॉलरना घेतली. उलट शिकागोजवळच्या विलो क्रीकचे संस्थापक बिल हायबल्स २०१८ मध्ये बायकांशी गैरवर्तनाच्या आरोपांवरून गेले. आरोप ड्रिस्कॉलवरच्या आरोपांहून गंभीर. ते चर्च रोडावलं, पण मिटलं नाही. म्हणजे पाप किती मोठं यावर ठरत नाही. ताळेबंदात तो माणूस हीच मुख्य मत्ता असेल तर तो गेल्यावर उरतात फक्त देणी.

वसईचा_वारा:

काचेचं ते कॅथीड्रल आमच्याकडे आलं, हे वाचून उगाच बरं वाटलं. (दिवे घ्या.)

अडाणी_आण्णा:

लेकताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतं, असं काही जवळून पाहिलंय तुम्ही. सांगण्यासारखं असेल तर सांगा.

पाळकाची_लेक:

पाहिलंय. नाव-गाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत.

लग्नानंतर आम्ही पिंपरीकडे राहायला गेलो. जवळची सीएनआय मंडळी लांब, म्हणून नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीनं एका फेलोशिपमध्ये जाऊ लागलो. वर्कशॉपच्या वरचा हॉल, पत्र्याचं छत, साठ-सत्तर माणसं. पास्टर मराठवाड्यातला तरुण, आवाज असा की मे महिन्यात पत्र्याखाली दोन तास बसलेली माणसं हलायची नाहीत. कीबोर्ड त्याची बायको वाजवायची. हिशेब तोच ठेवायचा. ट्रस्ट-बिस्ट काही नाही, दशांश पाकिटात घालून त्याच्या हातात. माझ्या बाबांनी एकदाच येऊन पाहिलं आणि घरी आल्यावर विचारलं, "याला सुट्टी कोण देतं?" आम्ही हसलो होतो.

मग एका रविवारी तो आला नाही. फोन बंद. दहा दिवसांनी कळलं की दुसऱ्या शहरात मोठ्या फेलोशिपनं बोलावलं म्हणून गेला. काही लफडं नाही, काही नाही. गेला. आम्ही तीन रविवार जमलो. पहिल्या रविवारी चाळीस, मग बावीस, मग नऊ. कीबोर्ड तो घेऊन गेला होता, तर आम्ही टाळ्यांवर गायलो. उपदेश कुणी करायचा? माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी, पाळकाची मुलगी म्हणून. मी स्तोत्र २३ वाचलं आणि खाली बसले. पुढे बोलताच येईना.

चौथ्या रविवारी हॉलमालक भाडं मागायला आला. रजिस्टरवर नावं होती, पण भाडेकराराच्या कागदावर एकट्या पास्टरचं. खरं भांडण झालं ते खुर्च्यांवरून. साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, वर्गणी काढून घेतलेल्या. ज्याने पाच हजार दिले तो म्हणे वीस माझ्या. एक म्हातारी, धुणीभांडी करणारी, तिनं दोनशे दिले होते. ती म्हणाली, मला खुर्ची नको, मला पुढच्या रविवारी कुठं यायचं ते सांगा. कुणी सांगू शकलं नाही.

वसईचा_वारा:

बापरे.

अडाणी_आण्णा:

खुर्च्यांचं काय झालं शेवटी?

पाळकाची_लेक:

वीस हॉलमालकानं भाड्यापोटी ठेवून घेतल्या. वीस तो पाच हजारवाला घेऊन गेला. उरलेल्या माझ्या नवऱ्यानं टेम्पोनं घरी आणल्या, पाच वर्षं गॅलरीत एकावर एक होत्या. पाठीवर लाल रंगानं फेलोशिपचं नाव. मी थिनर लावून पुसायला बसले होते, दोन पुसल्या आणि सोडून दिलं. सोसायटीच्या गणपतीला, कुणाच्या बारशाला अजूनही मागायला येतात. परवाच सत्यनारायणाला बारा नेल्या, अकरा आल्या.

त्या म्हातारीला बाबांनी त्यांच्या मंडळीत नेलं. ती गेल्या वर्षी वारली. दफनाला आम्ही जुनी सात-आठ माणसं होतो.